पत्र्यावरची रंगभूमी

आमचं घर कामोठ्यात, मानसरोवर स्टेशनवरून चालत येण्याच्या अंतरावर. बैठकीच्या खोलीतल्या सगळ्यात लांब भिंतीवर आम्ही जुन्या मराठी नाटकांच्या जाहिराती लावल्या आहेत, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून घेतलेल्या. घरी आलेला माणूस पाण्याचा पेला हातात घेऊनच उठतो, भिंतीपाशी जातो आणि विचारायला लागतो: या कुठे मिळाल्या, छापून कोणी दिल्या, आपल्या इथल्या हवेत गंजत नाहीत का? या पाहुण्यांना उत्तरं देता देता माझ्या मनाशी जे पक्कं होत गेलं, ते इथे क्रमाने मांडते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आधी सांगते. नाटकाची जाहिरात म्हणजे बोलावणं. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक नाट्यगृहात या, एवढंच ती सांगत असते. घराच्या भिंतीवर आल्यावरही तिने बोलावत राहिलं पाहिजे. पत्रा, शाई, स्क्रू, उजेड ही सगळी खटपट त्यासाठी करायची.

१. घराने पाहिलेल्या नाटकापासून सुरुवात करा

पत्र्यावरची तयार पोस्टरं बाजारात भरपूर मिळतात आणि त्यांत पॅरिसचा भरणा जास्त असतो. साराह बर्नहार्टच्या ‘जिस्मोंडा’साठी आल्फोन्स मुखाने १८९४ मध्ये केलेलं पोस्टर किंवा तुलूझ-लोत्रेकचं १८९१ चं ‘मुलाँ रूज’ हमखास दिसतं. ही थोर कामं आहेत. रस्त्यावर डकवायचा कागदही कला होऊ शकतो, हे त्यांनी जगाला दाखवलं. पण आमच्या घरात बर्नहार्टला पाहिलेलं कोणी नाही. सासऱ्यांनी मात्र ‘तो मी नव्हेच’मध्ये एकाच प्रयोगात पाच रूपं घेणारे प्रभाकर पणशीकर पाहिले आहेत. सासरे मूळचे सांगलीचे, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ केलं त्या गावचे. नवऱ्याच्या मनात घर करून राहिलेलं नाटक ‘वस्त्रहरण’, माझ्या मनातलं ‘वाडा चिरेबंदी’. मुलीला विचारलं तर तिने क्षणाचाही विचार न करता वैभव मांगल्यांच्या चेटकिणीचं नाव घेतलं, म्हणजे ‘अलबत्या गलबत्या’.

यादी अशी सगळ्यांनी मिळून करावी. आमचा नेम साधा आहे: ज्या नाटकावर घरातलं एक तरी माणूस मनापासून बोलू शकतं, तेच भिंतीवर येतं. आपल्या जन्माआधीची नाटकंही या नेमात बसतात. ‘मानापमान’ १९११ चं. आमच्यापैकी कोणी बालगंधर्वांना पाहणं शक्यच नव्हतं, पण त्यातली पदं सासूबाई स्वयंपाक करताना गुणगुणतात. ८ जुलै १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’ची हकिगत तर घरात सगळ्यांना पाठ आहे: टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन नाटक कंपन्या एकत्र आल्या, बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. अशी हकिगत घरात असेल तर त्या नाटकाची जागा भिंतीवर ठरलेली आहे.

२. मराठी नाटकाच्या जाहिरातीत अक्षराकडे आधी पाहा

सिनेमाच्या पोस्टरवर चेहरे राज्य करतात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले, आणि त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर भारतातल्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट पोस्टरांत गणलं जातं. नाटकवाल्यांकडे एवढा पैसा क्वचितच असायचा. त्यांची जाहिरात बहुतेक वेळा वर्तमानपत्राच्या एका-दोन कॉलमांत किंवा हातात वाटायच्या पत्रकावर, काळ्या शाईत, मावेल तेवढ्या जागेत. त्या चिमुकल्या चौकटीत वाचकाची नजर अडवायची तर नाटकाच्या नावाचं अक्षरच बोलकं करावं लागे.

हे काम ज्यांनी शिखरावर नेलं ते कमल शेडगे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागात त्यांनी नोकरी केली आणि त्याच्या जोडीने असंख्य मराठी नाटकांची शीर्षकं हाताने घडवली. ४ जुलै २०२० ला ते गेले. त्यांचं ‘माझी अक्षरगाथा’ हे पुस्तक मिळालं तर जरूर पाहा. नाटक विनोदी की गंभीर, ऐतिहासिक की आजचं, हे जाहिरात वाचायच्या आधीच नुसत्या अक्षराच्या वळणावरून कळावं, ही त्यांची किमया. वर्तमानपत्रात दोन बोटं रुंद असलेलं असं शीर्षक पत्र्यावर दोन फूट होतं, तेव्हा शिरोरेघ कुठे जाड झाली, वेलांटी कुठे ताणली, काना कुठे तिरका घेतला, हे पहिल्यांदा नीट दिसतं. म्हणून नाटकातला फोटो मोठा करण्याच्या मोहात पडू नका. अक्षर मोठं करा आणि त्याच्या भोवती भरपूर मोकळी जागा ठेवा.

शीर्षकाखालचा बारीक मजकूरही कापू नका. ‘शुभारंभाचा प्रयोग’, ‘प्लॅन चालू’, निर्मात्याचं, लेखकाचं, नेपथ्यकाराचं नाव, प्रयोगाची वेळ: खरा काळ या ओळींत साठलेला असतो. आमच्याकडचे पाहुणे सर्वांत जास्त वेळ वाचतात त्या याच ओळी.

३. मूळ कागद हातात घ्या

मोबाइलवर फिरत आलेलं चित्र पत्र्यावर टिकाव धरत नाही. पत्र्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की कागदावर खपून जाणारा अस्पष्टपणा तिथे उघडा पडतो. तेव्हा मूळ छापील वस्तू शोधा. नाटकांच्या पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या, जुने दिवाळी अंक, कोणाच्या ट्रंकेत जपलेली पत्रकं, वाचनालयांतले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, ही खरी खाण. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. अशा संस्थांत रीतसर परवानगी मागून काम करावं. तिथली माणसं आपली आच ओळखतात.

आता हिशोब. दोन बाय तीन फुटांच्या छपाईसाठी इंचाला १५० ठिपके धरले तर चित्र ३६०० बाय ५४०० पिक्सेलचं हवं. हाताएवढं पत्रक, समजा पाच बाय साडेसात इंचांचं, ७२० डीपीआयवर स्कॅन केलं की बरोबर तेवढं भरतं. म्हणून लहान कागद १२०० डीपीआयवरच स्कॅन करून ठेवावा, म्हणजे पुढे हात आखडत नाही. वर्तमानपत्रातला फोटो ठिपक्यांच्या जाळीने छापलेला असतो आणि स्कॅन करताना त्यावर लहरी उमटतात. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही जाळी घालवायची सोय असते, ती फक्त फोटोपुरती वापरावी. अक्षरांवर वापरली तर त्यांची धार जाते.

४. डाग काढा, वय काढू नका

सासऱ्यांकडच्या एका नाटकाच्या पुस्तकात वर्तमानपत्रातली जाहिरात घडी घालून ठेवलेली होती. कागद चहासारखा तपकिरी झालेला, घडीच्या दोन रेषा एकमेकींना छेदून गेलेल्या, एका कोपऱ्यात टाचणीचं भोक, आणि समासात निळ्या शाईत सासऱ्यांच्याच हातचं ‘रात्री ८’. संगणकावर काम करणाऱ्या मुलाने सहज म्हटलं, “काकू, हे सगळं पुसून पांढरंशुभ्र करून देतो.” मी फक्त बुरशीचे ठिपके काढायला सांगितले. घड्या, टाचणीचं भोक आणि ‘रात्री ८’ तसंच ठेवलं. आता भिंतीवर ती जाहिरात पाहताना कोणीतरी ती खिशात ठेवून दादरला गेलं होतं हे लगेच कळतं.

याच्या उलट प्रकारही बाजारात चालतो: नव्या कोऱ्या चित्रावर खोटा गंज, खोटे ओरखडे, खोटा पिवळेपणा चढवायचा. मी तसलं काही घरात आणत नाही. ज्या कागदाने खरी वर्षं काढली आहेत, त्याचा मान त्यालाच राहू द्यावा.

५. हक्क कोणाचा, ते आधी विचारा

जुनं म्हणजे सगळ्यांचं, असा समज फार पसरला आहे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या कामावरचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये, कमल शेडगे २०२० मध्ये. या तिघांच्या कामावर आजही त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांच्याकडे हक्क दिले असतील त्यांचा अधिकार आहे. घरच्या भिंतीसाठी एकच प्रत काढायची असली तरी मी निर्मात्यांना किंवा कलावंताच्या कुटुंबीयांना पत्र लिहून विचारते. विकण्यासाठी छापणं तर परवानगीशिवाय करूच नये.

विचारण्याचा लाभ कायद्यापलीकडचाही आहे. पत्र गेलं की त्या नाटकाची कोणती तरी गोष्ट परत येते: शीर्षक किती वेळा बदललं, ब्लॉक कुठे केला, पत्रकं कोणी वाटली. पत्र्याच्या मागच्या बाजूला मी नाटकाचं नाव, साल, अक्षरकाराचं नाव आणि मूळ कागद कोणाकडून मिळाला, ते पक्क्या शाईच्या पेनाने लिहून ठेवते.

६. पत्रा ओळखायला शिका

कामोठ्याच्या एका बाजूला खाडी आणि खारफुटी. पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते, आणि खिडकीच्या ग्रिलला दर दोन-तीन वर्षांनी रंग द्यावा लागतो हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा हवेत लोखंडी पत्रा टिकवणं कठीण. त्याच्या कापलेल्या कडेवर रंग नीट बसत नाही, तिथून गंज शिरतो आणि चित्राखाली पसरत जातो. ॲल्युमिनियमला तांबूस गंज येत नाही. हवेशी संबंध आला की त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि आतला धातू झाकला जातो.

दुकानात पत्रा ओळखायचा सोपा उपाय म्हणजे फ्रिजवरचं चुंबक पर्समध्ये घेऊन जाणं. चिकटलं तर लोखंडी, घसरलं तर बहुधा ॲल्युमिनियम. ‘मेटल’ एवढंच सांगून काहीही गळ्यात मारलं जातं, म्हणून ही परीक्षा घ्यावीच. वजनानेही कळतं. दोन बाय तीन फूट आणि एक मिलिमीटरच्या थोडा वर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा दीड किलोच्या आसपास भरतो. तेवढाच लोखंडी पत्रा साडेचार किलोंच्या घरात जातो.

लोखंडच हवं असेल, म्हणजे जुन्या टिनच्या पाटीचा बाज आणायचा असेल, तर आपण योग्य गावात राहतो. कळंबोलीचं स्टील मार्केट हाकेच्या अंतरावर आहे. तिथे २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७ मिलिमीटर. जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला पत्रा घ्यावा, आधी कापून, भोकं पाडून, कोपरे गोल करून घ्यावेत आणि मग पावडर कोटिंग करावं, म्हणजे कडाही झाकल्या जातात. कोटिंगनंतर भोक पाडलं की गंजाला दार उघडून दिल्यासारखं होतं. कोपरे गोल करण्याचा आग्रह ॲल्युमिनियमच्या बाबतीतही सोडू नका. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर पत्र्याचा टोकदार कोपरा येता कामा नये.

७. छपाईच्या दोन पद्धतींतला फरक समजून घ्या

धातूवर छापणं हे काही आजचं खूळ नाही. शिळाछापाचा शोध जर्मनीत १७९६ च्या सुमारास आलोइस सेनेफेल्डरने लावला. तो स्वतः नाटककार होता आणि आपली नाटकं स्वस्तात छापता यावीत म्हणून धडपडत होता. पुढे १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले याने पत्र्यावर छापणारं ऑफसेट यंत्र काढलं, त्यातून बिस्किटांचे डबे आणि दुकानांच्या पाट्या रंगीत झाल्या. म्हणजे नाटकाच्या निकडीतून जन्मलेली विद्याच शेवटी पत्र्यावर पोचली. आमच्या भिंतीवर ती दोन्ही टोकं पुन्हा एकत्र आली आहेत, याचा मला फार आनंद वाटतो.

आज आपल्याकडे दोन मार्ग मुख्य आहेत. पहिला सब्लिमेशनचा. चित्र आधी खास कागदावर छापतात, मग तो कागद लेप दिलेल्या ॲल्युमिनियमवर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसला दाबतात. शाईची वाफ होते आणि ती लेपाच्या आत शिरते. चित्र लेपात मुरलेलं असल्याने बोट फिरवलं तरी हाताला काही लागत नाही, पाण्याने पुसता येतं. दुसरा यूव्ही छपाईचा. यात शाई थेट पत्र्यावर किंवा एसीपी शीटवर पडते आणि अतिनील दिव्याखाली लगेच वाळते. हे काम फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडेही होतं आणि स्वस्त पडतं, पण शाई वर बसलेली असते. किल्ली घासली तर ओरखडा उठतो. बैठकीच्या भिंतीला सब्लिमेशन घ्यावं, आणि उंचावर, हात न लागणाऱ्या जागी यूव्ही चालतं.

कोणत्याही पद्धतीत दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक, पत्र्याचा लेप पांढरा हवा. पारदर्शक लेपावर चित्रातला पांढरा भाग चंदेरी दिसतो आणि जुन्या कागदाचा पिवळसर रंग स्टीलच्या ताटासारखा चकाकतो. दोन, पृष्ठभाग मॅट हवा. चकचकीत पत्र्यात नाटकाऐवजी आपलीच ट्यूबलाइट दिसत राहते. पूर्ण काम द्यायच्या आधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढून घ्या आणि तो घरी, संध्याकाळच्या दिव्यात पाहा.

८. भिंतीची चौकशी केल्याशिवाय ड्रिल लावू नका

इथल्या इमारतींत खांब-तुळया आरसीसीच्या, मधल्या भिंती कुठे विटेच्या, कुठे सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या. आरसीसीत साधं ड्रिल सरकत नाही, हॅमर ड्रिल लागतं. सिपोरेक्समध्ये उलट: भोक पटकन पडतं आणि छोटी गिट्टी हलायला लागते. आमच्याकडे आलेल्या सुताराने भिंतीवर बोटाची गाठ वाजवली आणि सांगितलं, “ताई, इथे गिट्टी लांब लागणार.” आवाजावरून भिंत ओळखणारा असा माणूस मिळाला की त्याचं ऐकावं.

पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि पुट्टीचे पोपडे निघतात. अशा भिंतीवर डबल टेपने चिकटवलेला पत्रा पोपड्यासकट खाली येतो. म्हणून आतली कोरडी भिंत निवडावी आणि स्टेनलेसचे स्टड स्क्रू वापरून पत्रा भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच पुढे ठेवावा. मागून हवा खेळते, ओल साठत नाही, आणि पत्र्याची हलकी सावली भिंतीवर पडून अक्षर आणखी उठून दिसतं. जाता जाता हेही सांगते: वायफायचा राउटर पत्र्यामागे ठेवू नका, धातू लहरी अडवतो.

९. मांडणी सालाप्रमाणे करून पाहा

रंग जुळवून किंवा आकार बघून मांडणी करता येते. आम्ही सालाप्रमाणे केली, आणि भिंत बोलायला लागली. १९६७ च्या जागेवर ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शेजारी शेजारी आहेत. एकीकडे दोन घराण्यांच्या गायकीचा संघर्ष, दुसरीकडे खेळाच्या आडून एका बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारे लोक. एकाच वर्षी मराठी प्रेक्षक या दोन्ही नाटकांना गेला. १९७२ चीही अशीच जोडी: ‘सखाराम बाइंडर’ आणि १६ डिसेंबरला पुण्यात रंगमंचावर आलेलं ‘घाशीराम कोतवाल’. दोन्ही विजय तेंडुलकरांची. पहिल्यासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोर्टात लढावं लागलं, दुसऱ्याने माणसांचीच भिंत करून रंगमंचावर उभी केली. पाठ्यपुस्तकात वाचून जे मुलीच्या लक्षात राहिलं नसतं ते येता-जाता तिच्या नजरेखालून जातं.

उंचीबद्दल एवढंच: चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास असावा, पण आपण जिथे बसूनच पाहणार तिथे तो आणखी खाली घ्यावा. दिवा पिवळसर उजेडाचा, छतावरून तिरका सोडलेला. थेट ऊन पडतं ती जागा टाळावी, कारण उन्हाने सब्लिमेशनचे रंग विटतात. पुसायला ओलसर मऊ फडकं पुरतं. घासणी आणि फिनेल लांब ठेवा.

१०. शेजाऱ्यांच्या रंगभूमीला जागा द्या

कामोठ्यात सातारा, सांगली, कोकण, विदर्भ, सगळीकडची माणसं येऊन राहिली. आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब गडचिरोलीकडचं आहे. भिंत पाहून त्या घरच्या आजोबांनी विचारलं, “आमची झाडीपट्टी कुठं आहे?” प्रश्न रास्त होता. भातकापणी झाली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत रात्र रात्र नाटकं चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटक कंपन्यांचं ठाणं. त्यांची भडक रंगांची पोस्टरं आजही गावागावांत लागतात, आणि ती पाहूनच लोक मैलोन् मैल येतात. पुण्या-मुंबईच्या नजरेला ती भपकेबाज वाटतील, पण जाहिरातीचं काम ती चोख करतात. आजोबांनी गावाहून आणून दिलेलं पोस्टर आता ‘घाशीराम’च्या ओळीत आहे.

तशीच जागा दशावताराला, तमाशाला आणि गोव्याच्या तियात्राला. तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी झाला तो मुंबईतच. रंगभूमीचं घर फक्त शिवाजी मंदिर आणि बालगंधर्व रंगमंदिर एवढंच नाही, हे भिंतीवर दिसायला हवं.

११. आजची जाहिरात आजच जपा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं ते नाट्यगृह, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. ती दृश्यं पाहताना आमच्या घरात कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. इमारत पुन्हा बांधता येते, पण ज्याची दुसरी प्रत नाही असा कागद गेला की कायमचा गेला.

आजच्या नाटकांच्या जाहिराती तर कागदावर येण्याच्या आधीच फोनवरून पुढे सरकून जातात. म्हणून प्रयोगाला गेलं की मी मोठ्या आकाराची मूळ फाइल मागते, तिकीट आणि पत्रक जपते, आणि नाटक कुठे, कोणाबरोबर पाहिलं ते लिहून ठेवते. पन्नास वर्षांनी कोणाला आजची रंगभूमी भिंतीवर लावायची असेल, तर त्याची सोय आपणच करून ठेवायला हवी.

१२. पत्र्याच्या खर्चात तिकिटांचा खर्च धरा

एक पोस्टर छापून घ्यायचं ठरलं की त्याच वेळी एका नाटकाची घरातल्या सगळ्यांची तिकिटं काढायची, हा आमचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा नेम. कामोठेकरांना सबब नाही. मानसरोवरहून हार्बर लाइनने दोन स्टेशनं गेलं की पनवेल, तिथे आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. उलट दिशेला वाशी, तिथे विष्णुदास भावे नाट्यगृह. मराठी नाटक आपल्या दाराशी येतं आणि अनेकदा मागच्या रांगा रिकाम्या पाहून जातं.

जुन्या नाटकांवर खरं प्रेम असेल तर ते आज रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाच्या वाट्याला आलं पाहिजे. पणशीकरांच्या, श्रीराम लागूंच्या, ‘वस्त्रहरण’च्या मच्छिंद्र कांबळींच्या नावांनी भिंत भरून घरात बसून राहिलो, तर त्यांचं बोलावणं आपल्यापर्यंत पोचलंच नाही असं होईल. म्हणून या रविवारची नाटकांची जाहिरात आधी उघडा, पनवेल किंवा वाशीचा प्रयोग शोधा, जागा राखून घ्या, आणि मग पत्रेवाल्याला फोन करा.